मधलं कार्ड

"काका, ह्या ग्राफिक्स कार्डानं आजवर कामच केलेलं नाही," डॉक्टर म्हणाला.

हा डॉक्टर माणसांचा नव्हे. कॉम्प्युटरच्या त्या अरुंद दुकानाचा मालक. आजारी यंत्राच्या पाठीला कान लावून पंख्याची घरघर ऐकायची त्याला सवय, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. आत्ताही तो कॅबिनेटच्या मागं टॉर्च धरून वाकला होता, आणि समोर स्टुलावर बसलेल्या निवृत्त टेलिफोन मेकॅनिकला उगाचच वाटलं, की तो उजेड आपल्याच पाठीवर पडतो आहे. सदरा वर करून बसवलंय कुणी, आणि म्हणतंय, श्वास घ्या.

"काम नाही म्हणजे?" तो म्हणाला. "पंखा फिरतो की त्याचा. सात वर्षं बघतोय."

"पंखा फिरणारच. वीज पोचतेय ना. पण हे बघा." डॉक्टरनं टॉर्च हलवला. "स्क्रीनची वायर कुठं खोचलीय? वर, मदरबोर्डच्या भोकात. ती हवी इथं खाली, कार्डाच्या भोकात. चित्रं काढायला चित्रकार आणून बसवला, आणि चित्रं मागताय वॉचमनकडं! ह्याच्या भोकांवरच्या टोप्यासुद्धा निघाल्या नाहीत अजून. चारच्या चार. कोण हो हा बहाद्दर, वायरी लावणारा?"

बहाद्दर समोरच बसला होता. मांडीवर वही, वहीत बोट. घरून निघताना केवढ्या तयारीनं निघाला होता तो! वहीत कॅबिनेटची आतली लांबी होती, दोनदा मोजलेली. वीजपेटी किती वॅटची ते होतं. स्क्रीन केवढा, ते होतं. काउंटरवर डॉक्टरनं तीन खोकी ओळीनं मांडली होती: एका पंख्याचं धाकटं कार्ड, दोन पंख्यांचं मधलं, तीन पंख्यांचं थोरलं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हा होता, की मधल्यातही दोन जाती असतात, एकात मेमरी आठ आणि एकात बारा, तर लेकीला बारा पुरेल ना? थोरलं नको, ते कॅबिनेटात मावायचं नाही आणि वीजपेटीला झेपायचं नाही. धाकटं नको, ते दोन वर्षांत थकेल. मधलं बरं. त्याला आयुष्यभर मधलंच बरं वाटत आलेलं. तीन भावांत तो मधला. बसमध्ये मधली सीट, पगारात मधली पायरी, भांडणात मधला माणूस. मधलं घेतलं की पुढं हळहळ होत नाही, असं तो म्हणायचा, आणि बायको म्हणायची, "हो, कारण काय घेतलं तेच तुझ्या लक्षात राहत नाही."

"जुनी वायर आहे," तो म्हणाला. कुणी लावली, ते नाही म्हणाला.

"वायर नव्हे, वेणी आहे ही," डॉक्टर हसला, आणि कॅबिनेटच्या पाठीतून निघून काउंटरवर वेटोळं घालून पडलेली केबलींची जुडी त्यानं उचलून धरली. "मेणाचा दोरा? गाठी बघा. एका मापाच्या. काका, असलं काम आता कोण करत नाही. चुकीच्या जागी केलंय, पण काय केलंय!"

वेणीच म्हणायचा तोही. एक्स्चेंजमध्ये सगळेच म्हणायचे. उंच फ्रेमच्या अंगावरून उतरणाऱ्या हजारो तारा, आणि दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. गाठ अशी, की तार हलत नाही आणि तारेला दुखतही नाही. वस्ताद म्हणायचा, तार आणि पोरीचे केस, ओढू नये, सोडू नये. आणि पोरीचे केसही त्याच्याच हातात आले. बायको इस्पितळात नर्स, तिची पाळी पहाटेची. शाळेच्या वेळेला घरात तो आणि ट्रिंगू. एक्स्चेंजच्या फोनवर तिच्या जन्माची बातमी आली, म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. सात वर्षांची ट्रिंगू पाटावर पाठमोरी बसे, दूध पीत, पाय हलवत, आणि तो तिच्या केसांचे तीन पेड घेई. "बाबा, घट्ट नको." "घट्ट नाही, नीट." शाळेतल्या बाईंनी एकदा म्हटलं होतं म्हणे, तुझी आई वेणी फार सुरेख घालते गं. ट्रिंगू म्हणाली होती, "आई नाही, टेलिफोनवाले." रात्री निजवायलाही त्याच्याकडं दुसरं गाणं नव्हतं. तारांच्या रंगांचा क्रम तोंडी ठेवायला एक्स्चेंजमधल्या कुणीतरी कधीकाळी रचलेलं होतं, तेच तो म्हणायचा, थोपटत थोपटत:

पांढरी पुढं गं, तांबडी तिच्या मागं,
काळीला अजून जाग, पिवळी निजली.
जांभळ्या बाईनं दार लावलं हळू,
नका गं कुणी बोलू, रात झाली.

काळीवर ती विचारायची, काळी का जागी? तो म्हणायचा, तिचे बाबा कामावरून यायचेत अजून.

डॉक्टर त्या खोक्यांपैकी मधलं खोकं बाजूला सारत काहीतरी म्हणत होता, की एवढं केलंच आहे तर आधी जुनंच लावून बघू, कोरं कार्ड आहे, वापरलेलंच नाही, तुमची लेक फार भारी खेळ खेळत नसेल तर हेच पुरेल, मी विकायला बसलोय पण उगाच कशाला. भला माणूस. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. त्याला सात वर्षांपूर्वीचं ते टेबल दिसत होतं. ट्रिंगू सतरा वर्षांची. कागदावर तिनं तीन कार्डांची नावं लिहून दिलेली, आणि त्यानं मधल्यावर खूण केलेली. सगळे भाग आणून जमिनीवर चादरीवर मांडले होते, आणि ती गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, एकेक भाग आत बसवत होती. मेमरी टक्कन बसली तेव्हा तिनं वर बघितलं होतं. त्या बघण्यात काय होतं! जत्रेत पाळणा वर जाताना खालच्या माणसाकडं बघतात, तसं. मग ती पाठच्या वायरींना हात घालायला गेली, आणि तो म्हणाला, "थांब. आतलं तुझं, मागचं माझं. बत्तीस वर्षं तारा लावल्यात मी."

आणि त्यानं लावल्या. का लावली त्यानं स्क्रीनची वायर वर? आज स्टुलावर बसून त्याला ते लख्ख कळलं, आणि कळल्यावर हसू आलं असतं, तर बरं झालं असतं. एक्स्चेंजच्या फ्रेमवर काही जोड्यांवर टोप्या असत. इस्पितळाची लाईन, आगीच्या बंबाची लाईन. टोपी दिसली की हात मागं, हे पहिल्या दिवशी शिकवत. चुकून तिथली तार हलली आणि कुणाचा जीव गेला, तर? बत्तीस वर्षांत त्यानं एकाही टोपीला बोट लावलं नव्हतं. ट्रिंगूच्या कॉम्प्युटरच्या पाठीत खाली चार भोकं, चारींवर टोप्या. वर एक भोक, उघडं. हात आपोआप वर गेला. त्यानं विचार केलाच नाही. हातानं केला. मग मेणाचा दोरा काढला, एक्स्चेंज बंद झाल्यावर घरी आणलेलं शेवटचं रीळ, आणि दर दोन बोटांवर गाठ मारत सगळ्या केबलींची वेणी घातली, ताणून, नेटकी, टेबलाच्या पायाला बांधून टेबल भिंतीला लावलं. "आता ह्याला कुणी हात लावायचा नाही." बायको दारात उभी होती. म्हणाली, "वायरीचं झालं, आता जरा पोरीला खुर्चीवर बसू दे."

ती बसली. आठवडाभरानं म्हणाली, "बाबा, अडखळतंय रे." कार्ड नवं, पंखा फिरतोय, अडखळेल कसं? "मागं बघायचं का एकदा?" तो म्हणाला, "माझी तार चुकत नाही, ट्रिंगू." हे त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. चेष्टेनं, जरा मिशीत. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. खेळ तर ती खेळतच होती अडखळत, पण तिला नुसता खेळायचा नव्हता, करायचा होता. खेळ बनवायला शिकवणारी एक संस्था होती, दूरच्या शहरात. त्यांना अर्ज करायचा तर स्वतः उभं केलेलं एक जग दाखवायचं, एका मिनिटाचं, आपल्याच यंत्रावर चालवून, टिपून. चार महिने ती त्या मिनिटात राहायला गेली होती. जेवायला हाक मारली तर तिथून यायची. एका संध्याकाळी तिनं त्याला बोलावून खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभी राहिली. पडद्यावर तिन्हीसांजेची गल्ली आली. उंच खांब. खांब थिजला. बराच वेळ थिजून राहिला. मग चित्र एकदम उडी मारून पुढं गेलं, एक अंधारी खिडकी, आणि संपलं. ती म्हणाली, "असं नाही रे ते. मधलं दिसतच नाही. यंत्र मधलं गाळतंय." तिचा आवाज रडवेला होता, आणि तो दिवसभराचा थकलेला, आणि त्याला वाटलं, की यंत्राला नावं ठेवायची पोरांना सवयच असते. आणि तो म्हणाला,

"यात आहे काय पण? एक खांब आणि एक खिडकी."

म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला. किती साधं वाक्य. भाजीला मीठ कमी आहे म्हणावं, तसं. संस्थेकडून नकार आला तो महिन्याभरानं, दोन ओळींचा. त्यात लिहिलं होतं, कल्पना स्पष्ट होत नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "यंत्राला दोष देऊन भागत नाही बाळा. हातात असावं लागतं." बायकोनं त्या वेळी त्याच्याकडं असं बघितलं होतं, की पुढं दोन दिवस ती आपल्याशी का बोलत नाही हे त्याला विचारता आलं नाही. मग ट्रिंगू विम्याच्या कचेरीत लागली, दुसऱ्या गावी. लोकांच्या मोडक्या गाड्यांचे फोटो बघायचे, खरं मोडलंय की खोटं, ते ठरवायचं. चांगलं चाललंय, ती फोनवर म्हणायची. कॉम्प्युटर तिनं नेला नाही. "राहू दे तुला. पत्ते खेळ." तो पत्ते खेळायचा. पत्त्यांना कार्ड लागत नाही.

आणि गेल्या आठवड्यात ती बोलता बोलता म्हणाली होती, "सुट्टी टाकलीय. शनिवारी येते. घरी आठ दिवस पडून राहणार, जमलं तर जुन्या डब्यावर खेळेन थोडं." एवढंच. त्या 'खेळेन थोडं'वर तो वही घेऊन बसला होता. तिला न सांगता नवं कार्ड बसवायचं, चालू करून ठेवायचं, ती आली की म्हणायचं, बस. स्क्रीनच्या टोकाकडून केबल काढली, टेबलाचा पाय उचलून वेणी खालून सरकवून घेतली, ती मोडवेना म्हणून वेणीसकट कॅबिनेट कडेवर घेतलं, आणि रिक्षात मांडीवर धरून आणलं. रिक्षावाल्यानं विचारलं होतं, आजारी आहे का? तो म्हणाला होता, नाही हो, म्हातारं झालंय, नवा चष्मा करायला नेतोय.

खिशात फोन वाजला. ट्रिंगू.

"बाबा, आई फोन उचलत नाही. शनिवारची माझी गाडी लवकरची आहे, अकराला पोचेन, सांग तिला. तू कुठंयस? मागं कसला आवाज?"

तो उठून दुकानाच्या पायरीवर आला. रस्त्यावर सकाळचं ऊन, समोर एक माणूस काचेचं दार पुसत होता, खालून वर, खालून वर. सांगावं का? न सांगताही भागलं असतं. डॉक्टर वायर खाली लावून देईल, शनिवारी यंत्र नीट चालेल, आणि तो म्हणेल, नवं कार्ड बसवलं. ती खूश होईल. हे खोटं इतकं सोपं होतं, इतकं मऊ, की त्याला त्याची भीती वाटली.

"कॉम्प्युटरच्या दुकानात आहे," तो म्हणाला. "ट्रिंगू, ती स्क्रीनची वायर... मी वर लावली होती. ती खाली लावायची असते. कार्ड चाललंच नाही गं तुझं. कधीच. तू म्हणत होतीस, आणि मी..." पलीकडं शांतता. लाईन चालू असतानाची शांतता आणि तुटल्यानंतरची, यातला फरक त्याच्या कानाला झोपेतही कळायचा. ही चालू होती.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय?"

"माहीत होतं. नकार आल्यावर, चारपाच दिवसांनी. आईचा हातातला आरसा घेऊन टेबलामागं घातला होता, टॉर्च लावून. टोप्या दिसल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"आता काय बोलायचं होतं? झालं होतं ना ते." ती थोडी हसली असावी. "आणि वायर खाली पोचत नव्हती. तू बांधली होतीस ना ताणून. दोरा कापावा लागला असता."

"कापायचा मग!"

"शेवटचं रीळ होतं, बाबा. तू किती मन लावून घातली होतीस ती वेणी. मी खुर्चीवर बसून बघत होते की. गुणगुणत होतास तू. पांढरी पुढं गं." मग आवाज बदलून, कचेरीतला आवाज लावून ती म्हणाली, "बरं, ऐक. नवं बिवं घेऊ नकोस हं. मी आता थोडंच... आठ दिवसांसाठी कशाला. ठेवते. आईला सांग, अकरा."

तो पायरीवर उभा राहिला. पोरीनं सात वर्षं ते पोटात ठेवलं होतं. त्याच्या पाया पडताना, त्याच्या औषधांची आठवण करताना, त्याला पत्त्यांचा खेळ लावून देताना. आणि तो तिला सांगत होता, हातात असावं लागतं.

आत आला तेव्हा डॉक्टर कात्री घेऊन बसला होता. "कापू ना, काका? तीनचार गाठी सोडल्या की पोचेल खाली."

"द्या इकडं."

कात्री त्यानं घेतली, आणि बाजूला ठेवली. गाठ नखानं सुटते का बघितलं. सुटेना. सुटू नये अशीच मारलेली. वस्तादानं शिकवलेली, ओढ लागेल तशी आवळत जाणारी. मेण काळं पडून दगड झालेलं. दोन नखं दुखली, तेव्हा त्यानं कात्री उचलली आणि पहिली गाठ कापली. आवाजही झाला नाही. दुसरी. तिसरी. चौथ्या गाठीशी केबल सैल होऊन वळली, झोपेतून उठवलेल्या मुलासारखी. मग त्यानं बोट घालून कार्डाच्या भोकावरची टोपी ओढली. बत्तीस वर्षांत न शिवलेली टोपी. एवढीशी, मऊ, काळी. ती तळहातावर घेऊन तो तसाच बसला, तेव्हा डॉक्टरनंच वायर खाली खोचली, दुसरं टोक दुकानाच्या स्क्रीनला जोडलं, आणि बटण दाबलं.

"काय चालवून बघायचं? खेळ आहे का कुठला? ही एक फाईल दिसतेय. 'मिनिट' नावाची. ही काय आहे?"

"ती लावा," तो म्हणाला.

तिन्हीसांजेची गल्ली आली. खांब आला. त्याला वाटलं, आता थिजेल. खांब थिजला नाही. नजर खांबावरून वर चढू लागली, सावकाश, पाण्यावरून होडी जावी तशी. खांबाला शिडी लावलेली होती. शिडी त्यानं कधी बघितलीच नव्हती. शिडीवर पाठमोरा एक माणूस होता, खांद्याला पिशवी, पाय जरा फाकवून उभा. उजव्या पायावर भार टाकायची ती त्याचीच लकब. माणसाच्या हातात तारांची जुडी होती. पांढरी, तांबडी, काळी, पिवळी, जांभळी. त्याचे हात हलत होते. घट्ट नाही, नीट. वेणी पुरी झाली, तशी नजर त्या तारेबरोबर निघाली, गल्लीवरून, छपरांवरून, एका घराच्या खिडकीपाशी आली. खिडकी अंधारी. क्षणभर काहीच नाही. मग आत दिवा लागला, आणि काचेला नाक लावून बसलेली एक लहान मुलगी दिसली, जागी, रस्त्याकडं बघत.

आणि संपलं.

"अरे वा," डॉक्टर म्हणाला. कान लावायचं विसरून तो सरळ उभा राहिला होता. "झकास आहे की हे! कुणी केलंय, काका?"

तीन खोकी काउंटरवर तशीच होती, धाकटं, मधलं, थोरलं. तो त्यांच्याकडं बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. टोपी मुठीत होती. मूठ उघडेना.

"पुन्हा लावा," तो म्हणाला. "मधनं लावा."